कागदावरचे ध्यानचंद आणि टर्फवरचे ध्यानचंद

‘ध्यानचंद आज असते तर?’ हा प्रश्न दर 29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडादिनी, कुठे ना कुठे निघतोच. उत्तरे दोन टोकांची असतात. आजही त्यांनी प्रत्येक सामन्यात पाच-सहा गोल केले असते, असे एक म्हणतो. दुसऱ्याच्या मते निळ्या टर्फवर, कार्बनच्या स्टिका घेऊन धावणाऱ्या आजच्या हॉकीपटूंसमोर ते दहा मिनिटेही टिकले नसते. दोघेही ठामपणे बोलतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो. ध्यानचंदांवर ज्यांचे खरोखर प्रेम आहे त्यांनी हा प्रश्न गप्पांवर सोडू नये, असे मला वाटते. त्यांच्या खेळाबद्दलचे कागद उरले आहेत. ते वाचावेत, त्यांची प्रतवारी लावावी आणि त्यांच्या आधाराने जेवढे बोलता येईल तेवढेच बोलावे.

हे कागद अगदीच थोडे नाहीत. ॲम्स्टरडॅम (1928), लॉस एंजेलिस (1932) आणि बर्लिन (1936) या तिन्ही ऑलिंपिकचे संयोजकांनी छापलेले अधिकृत अहवाल आहेत. भारतीय संघाच्या दौऱ्यांची आकडेवारी आहे, वर्तमानपत्रांतले वृत्तांत आहेत. बर्लिनच्या संघातले एम. एन. मसूद यांनी त्या मोहिमेवर पुस्तक लिहिले. 1952 साली मद्रासहून ध्यानचंदांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र इंग्रजीत निघाले. लेनी रीफेनश्टाल यांच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रपटात हॉकीची काही क्षणांची दृश्ये आहेत. यात सर्वांत वरचे स्थान सामन्याच्या वेळी लिहिलेल्या मजकुराला. त्याखाली खेळाडूंच्या आठवणी, आणि त्याही खाली इतरांनी पुढे सांगितलेल्या हकिकती.

आख्यायिकांना या उतरंडीत जागाच नाही. स्टिकमध्ये लोहचुंबक आहे की काय म्हणून ती हॉलंडमध्ये तोडून पाहिली, व्हिएन्नात त्यांचा चार हातांचा पुतळा उभारला, हिटलरने सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला, या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. हिटलरच्या प्रस्तावाचा उल्लेख ध्यानचंदांच्या आत्मचरित्रात नाही. बर्लिनच्या विजयी कर्णधाराला असा प्रस्ताव आला असता आणि सोळा वर्षांनी आयुष्याची हकिकत लिहिताना त्याने तो वगळला असता, हे मला पटत नाही. या गोष्टींनी ध्यानचंदांचे नुकसानच केले आहे. त्यांना जादूगार ठरवले की त्यांनी नेमके काय केले, हे विचारायची गरज उरत नाही.

त्यांच्या गोलांच्या आकड्यांबाबतही सावध राहावे लागते. तीन ऑलिंपिकमधल्या 12 सामन्यांत त्यांचे गोल कुणी 33 देतो, कुणी 39. ॲम्स्टरडॅमच्या अंतिम सामन्यातले त्यांचे गोल कुठे 2 आहेत तर कुठे 3. बर्लिनच्या अंतिम सामन्यात कुणी 3 लिहितो, कुणी 6. गोलासमोरच्या गर्दीत शेवटचा स्पर्श कुणाच्या स्टिकचा होता, हे लांबून पाहणाऱ्या वार्ताहराला ठरवावे लागे, तेव्हा असा घोळ होणे स्वाभाविक आहे. संघाच्या गोलांबद्दल मात्र वाद नाही. 1928 मध्ये 29 गोल केले आणि एकही स्वीकारला नाही. 1932 मध्ये 35 विरुद्ध 2. 1936 मध्ये 38 विरुद्ध 1. एकूण 12 सामने, 102 गोल, अंगावर फक्त 3.

याच्या शेजारी 2024 चे पॅरिस ठेवून पाहू. तिथे भारताने कांस्यपदक जिंकले, ते 8 सामन्यांत 15 गोल करून आणि 12 स्वीकारून. त्या 15 पैकी 10 गोल एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे होते आणि ते सगळे पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर झाले. धावत्या खेळात, फॉरवर्डच्या स्टिकवरून गोल होणे किती दुर्मीळ झाले आहे, ते यावरून दिसते. म्हणून 102 या आकड्यावरून आजचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल. 1932 साली जागतिक मंदी होती, प्रवास लांबचा होता, आणि लॉस एंजेलिसला हॉकीसाठी भारत, जपान आणि अमेरिका हे तीनच संघ होते. अमेरिकेवरच्या 24–1 या विजयात रूपसिंग यांनी 10 आणि ध्यानचंद यांनी 8 गोल केले. पण नवशिक्या संघाविरुद्धच्या या सामन्याला पुरावा म्हणून मी जवळजवळ काहीच किंमत देत नाही. शिवाय 1908 आणि 1920 चे विजेते ब्रिटन या तिन्ही ऑलिंपिकमध्ये हॉकी खेळलेच नाही. पाकिस्तान तर तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता.

मग पुरावा कुठे शोधायचा? माझ्या मते तो पराभवांत सापडतो. 24–1 च्या सामन्यातून खेळाडूची कुवत कळत नाही; ती कळते तो अडचणीत सापडतो तेव्हा. ध्यानचंदांच्या कारकिर्दीतले तीन पराभव या दृष्टीने मोलाचे आहेत.

पहिला मुंबईचा. 1928 चा संघ 10 मार्चला ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने मुंबईहून निघाला. त्याआधी मुंबईच्या संघाने या भावी ऑलिंपिक विजेत्यांना 3–2 असे हरवले. ऑलिंपिक संघाचे दोन्ही गोल ध्यानचंदांचे होते. निरोप द्यायला बंदरावर जेमतेम तीन माणसे आली होती, असे सांगतात. त्या काळी आपल्याच देशातल्या स्पर्धा किती कसाच्या होत्या, हे या निकालावरून समजते. कलकत्त्याचा बेटन कप आणि मुंबईचा आगाखान चषक यांतले काही सामने ऑलिंपिकपेक्षा कठीण असत. दुसरा पराभव 1936 च्या जूनमधला. बर्लिनला निघण्याआधी दिल्लीच्या संघाने भारतीय संघाला 4–1 असे हरवले. म्हणजे ध्यानचंदांना रोखणारे बचावपटू जगात होते, आणि ते बहुतेक भारतातच होते.

तिसरा पराभव सर्वांत महत्त्वाचा. 17 जुलै 1936 ला, बर्लिनमध्ये पोहोचून चारच दिवस झाले असताना, सरावाच्या सामन्यात जर्मन संघाने भारताला 4–1 असे हरवले. प्रवासाचा शीण होता, मैदान अनोळखी होते. तरीही हा पराभव ध्यानचंदांच्या किती जिव्हारी लागला, ते त्यांच्या आत्मचरित्रातून कळते. संघव्यवस्थापनाने मायदेशी निरोप धाडून इनसाइड फॉरवर्ड दारा यांना बोलावून घेतले. दारा विमानाने आले आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याला हजर झाले. भारताने तो सामना 10–0 असा जिंकला.

अंतिम सामना 14 ऑगस्टला व्हायचा होता. पावसाने मैदान भिजल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी झाला. सामन्यापूर्वी खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केले. प्रेक्षकांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडही होते. गवत अजून जड होते. पूर्वार्धात भारताला एकच गोल करता आला. महिन्यापूर्वी हरवणारा प्रतिस्पर्धी, ओले मैदान आणि फळ्यावर 1–0 अशी स्थिती होती. पुढच्या अर्ध्या सामन्यात भारताने सात गोल केले आणि सामना 8–1 असा संपला. जर्मनीचा तो एक गोल म्हणजे संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल.

मध्यंतरात काय झाले? लोककथा सांगते की ध्यानचंद उत्तरार्धात अनवाणी खेळले. ‘द हिंदू’च्या वार्ताहराचा त्या वेळचा वृत्तांत थोडा वेगळा आहे. त्यानुसार त्यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढले, रबरी तळव्यांचे बूट घातले आणि त्यानंतर त्यांचा वेग वाढला. पुराव्यांच्या प्रतवारीचा नियम इथे लावला तर रबरी तळवेच खरे मानावे लागतात. मला ते अनवाणी पायांपेक्षा अधिक महत्त्वाचेही वाटतात. अनवाणी खेळण्याने धाडस दिसते, बूट बदलण्याने विचार दिसतो. ओल्या, जड गवतावर खिळे रुतून पाय अडखळत असणार. मैदानाचा पोत ओळखून खेळाडूने सामना सुरू असतानाच आपले साधन बदलले आणि त्याचा परिणाम फळ्यावर दिसला. आजच्या टर्फवर सामन्यापूर्वी मुद्दाम पाणी मारतात आणि खेळाडू त्यासाठी खास तळव्यांचे बूट घालतात. पाणी मारलेल्या टर्फवर ध्यानचंदांचे काय झाले असते, असे विचारणाऱ्याला बर्लिनचा उत्तरार्ध हे हाती असलेले सर्वांत जवळचे उत्तर आहे. त्या वेळी ते 31 व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते.

याच सामन्यातली आणखी एक गोष्ट नीट पाहावी. अधिक विश्वासार्ह नोंदीनुसार आठ गोलांपैकी ध्यानचंदांचे तीन, दारांचे दोन, आणि रूपसिंग, टॅपसेल व जाफर यांचा प्रत्येकी एक. म्हणजे पाच जणांनी गोल केले. एकट्याने चेंडू घेऊन सगळ्यांना चकवत जाणाऱ्या माणसाच्या संघाचा गोलफलक असा दिसत नाही.

इथून मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. ध्यानचंद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्टिकला चिकटलेला चेंडू येतो. कागद मात्र वेगळा माणूस दाखवतात. आपला सर्वोत्तम सामना म्हणून त्यांनी स्वतः कोणता निवडला? कोणताही ऑलिंपिक सामना नाही. त्यांनी निवडला 1933 चा बेटन कप अंतिम सामना. त्यात त्यांच्या झाशी हीरोज संघाने बलाढ्य कलकत्ता कस्टम्सला 1–0 असे हरवले. आणि तो एकमेव गोल ध्यानचंदांचा नव्हता. कस्टम्सचा संघ जोरदार हल्ले चढवत असताना ध्यानचंदांना मोकळी जागा दिसली. त्यांनी लांब, आरपार पास दिला आणि सहकारी इस्माईल अर्धे मैदान धावत जाऊन गोल करून आला. शेकडो गोल केलेला सेंटर फॉरवर्ड आपला सर्वोत्तम क्षण म्हणून दुसऱ्याने केलेला गोल सांगतो, ही त्याच्या खेळाबद्दलची सर्वांत बोलकी साक्ष आहे. तिच्यात फुशारकीचा संशय घ्यायलाही जागा नाही.

पुढच्या पिढीच्या आठवणी याच दिशेने जातात. 1947 च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यावर ध्यानचंद चाळिशी ओलांडलेले होते. त्यांनी के. डी. सिंग ‘बाबू’ यांना एक पास दिला आणि पुढे काय होते हे न पाहताच पाठ फिरवून चालू लागले. नंतर विचारल्यावर त्यांनी सुनावले की त्या पासवर गोल करता येत नसेल तर माझ्या संघात तुला जागा नाही. त्या दौऱ्यावर असलेले केशव दत्त सांगत की ध्यानचंदांची खरी ताकद हातांत नव्हती, डोक्यात होती. बुद्धिबळपटू पट पाहतो तसे ते मैदान पाहत. या आठवणी खूप नंतर सांगितलेल्या आहेत, म्हणून एरवी मी त्यांना दुसऱ्या प्रतीचा पुरावा मानला असता. पण 1933 च्या सामन्याशी त्या तंतोतंत जुळतात, म्हणून त्यांचे वजन वाढते.

आता नियमांकडे वळू, कारण ‘आजचा खेळ’ म्हणजे फक्त टर्फ नव्हे. ध्यानचंदांच्या काळात पाच फॉरवर्ड, तीन हाफ, दोन बॅक आणि गोलरक्षक अशी रचना असे. ऑफसाइडचा नियम कडक होता: सहकाऱ्याने चेंडू खेळला त्या क्षणी फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत. एक बॅक पुढे सरकला की फॉरवर्डची वाट बंद होई. त्यामुळे पाचही फॉरवर्ड जवळजवळ एका ओळीत, एकमेकांना छोटे पास देत पुढे सरकत. पास कोणत्या क्षणी सोडायचा आणि धाव कोणत्या क्षणी घ्यायची, यावर सगळे अवलंबून असे. 1972 मध्ये तीनाचे दोन झाले, 1987 मध्ये नियम 25 यार्डांच्या पट्ट्यापुरता उरला आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पूर्णपणे गेला. मग हॉकीचा आकारच बदलला. आता फॉरवर्ड थेट प्रतिस्पर्ध्याच्या सर्कलमध्ये उभा राहू शकतो आणि पन्नास-साठ मीटरवरून आलेल्या चेंडूला नुसती स्टिक लावून गोल करू शकतो.

या बदलात ध्यानचंदांचे काय गेले असते आणि काय वाढले असते? क्षणाचा नेम साधून ऑफसाइड चुकवण्याच्या कौशल्याची किंमत कमी झाली असती. दुसरीकडे, जो मोकळी जागा आधी पाहतो त्याच्यासमोर आज सारे मैदान उघडे आहे. इस्माईलला दिलेल्या पासावर तेव्हा ऑफसाइडची कात्री होती, आज ती नाही. मैदानाच्या पोताचेही असेच दुहेरी आहे. जुन्या खडबडीत मैदानावर चेंडू अडवणे हीच अर्धी कला होती आणि ध्यानचंद तिच्यात इतरांपेक्षा फार पुढे होते. सपाट टर्फवर चेंडू अंदाजाप्रमाणे येतो, म्हणून ही आघाडी बरीच घटली असती. आज जगातल्या पहिल्या दहा संघांतला प्रत्येक खेळाडू चेंडू नीट अडवतो. पण चेंडू अडवायला कमी वेळ लागतो तेव्हा नजर वर ठेवायला जास्त वेळ मिळतो, आणि हा फायदा ज्याची नजर चांगली त्यालाच अधिक.

दमसासाबद्दल मला फारशी शंका नाही. 1935 च्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया दौऱ्यात संघाने 48 सामने खेळले. त्यांतले 43 ध्यानचंद खेळले आणि त्यांत त्यांचे 201 गोल नोंदले आहेत. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. उतरला तो शेवटपर्यंत मैदानावर. आज पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, खेळाडू सतत आत-बाहेर होतात आणि मैदानावर असताना पूर्ण वेगाने धावतात. ही वेगळ्या जातीची तयारी आहे. पण वयाच्या सतराव्या वर्षी पलटणीत भरती झालेला आणि हॉकी तिथेच गांभीर्याने शिकलेला सैनिक ती करू शकला नसता, असे मानायला कारण दिसत नाही.

खरी शंका दुसरीकडे आहे. आजचा फॉरवर्ड प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूवरच दबाव टाकायला लागतो. चेंडू गमावला की तोच पहिला बचावपटू होतो. ध्यानचंदांविषयीचे वृत्तांत आक्रमणाने भरलेले आहेत. चेंडू परत हिसकावण्यातल्या त्यांच्या कामगिरीला त्यांत फार थोडी जागा आहे. पाच फॉरवर्डच्या रचनेत त्यांच्याकडून ते अपेक्षितही नव्हते. आजच्या प्रशिक्षकाला सर्वांत जास्त मेहनत इथेच घ्यावी लागली असती. शिवाय आज प्रतिस्पर्ध्याकडे त्यांच्या प्रत्येक सामन्याचे चित्रण असते आणि एक खेळाडू केवळ त्यांच्या मागे लावून दिला असता. मुंबई आणि दिल्लीच्या संघांनी निदान एकेकदा जे साधले, ते व्हिडिओच्या मदतीने अधिक संघांना अधिक वेळा साधले असते.

या प्रश्नाला एक घरचा दाखलाही आहे. ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांनी 1975 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्वालालंपूरला पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल केला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली. अशोककुमार त्या संघात होते. भारत ऑस्ट्रेलियाकडून 1–6 असा हरला आणि सातव्या क्रमांकावर आला. एका वर्षात त्या मनगटांतले कौशल्य ओसरले नव्हते. सरावाला देशात तसे मैदानच नव्हते. जुन्या पिढीला आजच्या खेळात सोडून पाहणारे लोक हे विसरतात. सराव न देता टर्फवर उतरवले तर विश्वविजेताही गडबडतो. तुलना करायची तर ध्यानचंदांनाही आजची मैदाने, आजच्या स्टिका आणि आजचा आहार द्यायला हवा.

महाराष्ट्राने तर या प्रश्नाचे उत्तर जवळून पाहिले आहे. पुण्याच्या खडकीत, मोडक्या स्टिकांनी खेळ शिकलेले धनराज पिल्ले 1992 आणि 1996 ची ऑलिंपिक ऑफसाइडच्या नियमात खेळले, 2000 आणि 2004 ची त्याच्याविना. तरी धनराज यांचा खेळ मोडला नाही. ओबडधोबड मैदानावर घडलेला, चेंडूवर हुकूमत असलेला भारतीय फॉरवर्ड दोन्ही जगांत वावरू शकतो, याचा हा आपल्या डोळ्यांदेखतचा पुरावा आहे.

तर माझे मत असे. ध्यानचंद आज असते तर सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत ते पहिले नसते. ती जागा पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणाऱ्यांची आहे. दोनशे गोलांचा दौरा आज कुणालाही शक्य नाही, त्यांनाही नसता. ते सेंटर फॉरवर्डही राहिले नसते. जरा मागे, मधल्या फळीच्या पुढच्या टोकाला खेळले असते, आणि संघाचे आक्रमण त्यांच्या पासांवर चालले असते. त्या जागेवर ते जगातल्या कोणत्याही संघात निवडले गेले असते. कागद एवढे नक्की सांगतात.

या कागदांत अजून भर पडू शकते. मुंबईच्या आगाखान स्पर्धेत, पुण्या-खडकीच्या मैदानांवर, गोव्याच्या क्लबांत आणि लष्करी छावण्यांत हॉकी खेळलेल्या माणसांच्या घरी जुन्या कात्रणवह्या, संघांची छायाचित्रे, सामन्यांची पत्रके असतील. ती रद्दीत घालू नका. निदान त्यांची स्पष्ट छायाचित्रे काढून ठेवा, मागे तारीख आणि ठिकाण लिहा आणि जवळच्या ग्रंथालयाला किंवा हॉकी संघटनेला द्या.